आधीचाच बरा होता

१९९० साल. शिकागोमधला लिंकन ॲव्हेन्यू. ‘वॅक्स ट्रॅक्स’ नावाच्या दुकानाचं दार ढकलून तुम्ही आत येता आणि सगळ्यात आधी अंगावर येतो तो आवाज. पत्र्याचा ठणठणाट, त्याखाली सिंथची गुरगुर आणि कुणीतरी मेगाफोनमधून ओरडतंय. खोक्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्ड्स बोटांनी मागेपुढे करत पाचसहा पोरं उभी आहेत. काळे कपडे, जड बूट. जिम नॅश आणि डॅनी फ्लेशर यांचं हे दुकान आणि त्याच नावाची त्यांची रेकॉर्ड कंपनी म्हणजे अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल संगीताचं माहेरघर.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, त्यामुळे काय मागायचं ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ‘नाइन इंच नेल्स’चा पहिला अल्बम ‘प्रिटी हेट मशीन’ तुम्ही काउंटरवर ठेवता. शेजारचा पोरगा मुखपृष्ठाकडे बघून मान हलवतो. “हे इंडस्ट्रियल नाही. ही नाचायची गाणी आहेत.”

त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या, ते उथळ नाही. त्याच्या लेखी इंडस्ट्रियल म्हणजे १९७६ मध्ये लंडनमध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ काढणारे ‘थ्रॉबिंग ग्रिसल’, किंवा बर्लिनमध्ये ड्रिल मशीन आणि लोखंडी पत्रे घेऊन स्टेजवर चढणारे ‘आइनस्टुर्त्सेंड नॉयबाउटन’. त्या संगीतात ऐकणाऱ्याला बरं वाटावं ही सोयच नाही. आणि इथे हा क्लीव्हलंडचा पोरगा, ट्रेंट रेझनर, त्याच यंत्रांवर ध्रुवपदं रचतो, प्रेमभंगाचं गातो, आणि क्लबमधली पोरं ती गाणी म्हणत नाचतात. तुम्हाला त्याला सांगावंसं वाटतं की हा रेझनर क्लीव्हलंडच्या एका स्टुडिओत फरशी पुसायचं काम करत होता. मालकाने रात्री स्टुडिओ मोकळा असताना वापरायची मुभा दिली, म्हणून प्रिन्ससारखी जवळपास सगळी वाद्यं एकट्याने वाजवत त्याने ही गाणी उभी केली. पण त्याने त्या पोराचं मत बदलणार नाही. त्याला कष्टाविषयी शंका नाही, जातकुळीविषयी आहे.

म्हणजे बघा, बँडला धड चाहते मिळायच्या आधीच पहिली तक्रार हजर आहे. इथून पुढे तुम्ही जिथे जिथे जाल तिथे ती तुमच्या आधी पोहोचलेली असेल. फक्त तोंडं बदलतील.

आता १९९२ची अखेर, एका जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर तुम्ही बसला आहात. पुढे बसलेल्या मुलीने दोन वर्षं ‘प्रिटी हेट मशीन’ची पारायणं केली आहेत. तिने नवी सीडी सरकवली आहे. नाव ‘ब्रोकन’. पहिल्या मिनिटातच ती आवाज कमी करते. मग पुन्हा वाढवते. गिटारचा असा घट्ट, खरखरीत थर आहे की मागचा गाणारा त्यातून वाट काढत येतोय असं वाटावं. मधल्या काळात रेझनरचं आपल्या रेकॉर्ड कंपनीशी वाजलेलं होतं. ही गाणी कंपनीला पत्ता लागू न देता वेगळ्या नावांनी रेकॉर्ड केलेली आहेत, आणि तो राग ऐकू येतो. सहा गाणी संपतात. मुलगी सीडी काढायला हात पुढे करते, तेवढ्यात तुम्ही थांबवता. डिस्प्लेवर आकडे पळताहेत: सात, आठ, नऊ, दहा. प्रत्येक आकड्याला क्षणभर शांतता आणि पुढचा. पन्नास, साठ, नव्वद. गाडीत कुणी बोलत नाही. अठ्ठ्याण्णववर अचानक पुन्हा संगीत कोसळतं आणि मुलगी किंचाळून हसते.

तरीही घरी उतरताना ती म्हणते, “छान आहे. पण आधीचा जवळचा होता.”

१३ ऑगस्ट १९९४ची रात्र मात्र सावकाश बघायला हवी. न्यूयॉर्क राज्यातलं सॉगर्टीस, वुडस्टॉक ९४. पाऊस पडून गेलाय आणि शेताचा राडा झालाय. तुमचे बूट घोट्यापर्यंत रुतलेत, एक पाय उपसला की दुसरा जातो. समोर लाखोंची गर्दी आणि सगळ्यांचा रंग एकच, मातीचा. ‘नाइन इंच नेल्स’ स्टेजवर येतात तेव्हा गर्दीला क्षणभर कळतच नाही, कारण तेही तसेच आहेत. स्टेजकडे येताना चिखलात लोळून आलेत. केस कपाळाला चिकटलेले, कपड्यांचा मूळ रंग ओळखू येत नाही. तुम्ही पुढे सरकून कीबोर्डकडे बघा. पट्ट्यांवर चिखलाची बोटं उमटताहेत, हात घसरतोय. वाजवणं निर्दोष नाही. पण स्टेजवरची माणसं आणि खालची माणसं यांच्यात त्या रात्री फरक उरलेला नाही, आणि असं एखाद्या बँडच्या आयुष्यात क्वचितच होतं.

पाच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, ‘द डाउनवर्ड स्पायरल’ आलाय आणि विक्रीच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरलाय. तो लॉस एंजेलिसच्या सिएलो ड्राइव्हवरच्या ज्या घरात रेकॉर्ड झाला तिथे १९६९ मध्ये अभिनेत्री शॅरन टेट आणि इतरांचे खून झाले होते. तुमच्या आजूबाजूची पोरं त्या घराच्या गोष्टी डोळे मोठे करून सांगताहेत. मला ती दंतकथा कधीच आवडली नाही. पुढे शॅरन टेटच्या बहिणीशी बोलणं झाल्यावर खुद्द रेझनरलाच त्या दंतकथेचं ओझं झालं. अल्बमची खरी भीती त्या घरात नाही, बांधणीत आहे. ‘क्लोजर’ संपता संपता पियानोवर एक उतरती सुरावट येते. तुम्ही तिच्याकडे लक्ष देत नाही. मग कितीतरी वेळाने, शीर्षकगीतात, तीच सुरावट परत येते, आणि आता तिला ओळखल्याशिवाय गत्यंतर नसतं. एक माणूस पायरी पायरीने खाली उतरतोय हे त्या सुरांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.

तुमच्या डावीकडे एक जण आहे. चिखलाखालून त्याच्या टी-शर्टवरची अक्षरं जेमतेम दिसतात, पण हा जुना गडी आहे, छोट्या क्लबांपासूनचा. ‘क्लोजर’ सुरू होताच आजूबाजूचे सगळे एका आवाजात गाऊ लागतात आणि याचा चेहरा पडतो. “एमटीव्हीवर बघून आलेत सगळे,” तो तुमच्या कानात ओरडतो. त्याचं दुःख अल्बमचं नाहीच. अल्बम त्याला मनापासून आवडलाय. रात्री एकट्याने हेडफोन लावून ऐकलेली गोष्ट आता शेतभर माणसं गाताहेत, याचं ते दुःख आहे. गाव सोडून गेलेला मित्र मोठा झाल्यावर परतावा आणि सगळ्या गावाने त्याला आपला म्हणावं, तसं काहीसं. पुढच्या गाण्याला तोच सगळ्यांत आधी उड्या मारतो.

सप्टेंबर १९९५मध्ये कनेक्टिकटच्या हार्टफर्डला या. डेव्हिड बोवी आणि ‘नाइन इंच नेल्स’ यांचा एकत्र दौरा इथून सुरू होतोय. आधी रेझनरची गाणी, मग दोघं मिळून काही गाणी, आणि मग बोवी. हा सांधा फार सुंदर जमवलाय: एका बँडचे वादक हळूहळू निघून जातात, दुसऱ्याचे येतात, संगीत थांबतच नाही. दोघं मिळून रेझनरचं ‘हर्ट’ गातात तेव्हा मध्यावर कुठेतरी ते गाणं थोरल्या माणसाच्या आवाजात गेलेलं असतं.

आणि मग तरुण पोरं उठून चालू लागतात. ज्याच्यासाठी आले होते त्याचं गाऊन झालं. बोवी मन मोठं करून जुनी लोकप्रिय गाणी गाईल अशी ज्यांना आशा होती ते त्याचे स्वतःचे चाहतेही अस्वस्थ आहेत, कारण त्याने अजून बाजारातही न आलेल्या ‘आउटसाइड’ची अनोळखी गाणी काढली आहेत. तुमच्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणतात, “याने सत्तरच्या दशकातलंच गावं.” पायऱ्यांवरून बाहेर पडणारी विशीतली पोरं आणि खुर्चीत चुळबुळणारे चाळिशीतले लोक एकमेकांना तुच्छ लेखताहेत, आणि दोघांची मागणी एकच आहे: आम्हाला जसा पहिल्यांदा भेटलास तसाच राहा. बोवी गात राहतो. तुम्ही विंगेकडे नीट बघा. दारू आणि ड्रग्जमध्ये बुडत चाललेला तिशीचा रेझनर हा दौरा कधी विसरणार नाही. रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांसमोर नवं गाणं कसं गायचं, हे त्याने इथे अगदी जवळून पाहिलं.

२१ सप्टेंबर १९९९, मंगळवार. रेकॉर्डच्या दुकानात नुकतीच खोकी फुटली आहेत. पाच वर्षं वाट पाहायला लावून ‘द फ्रजाइल’ आलाय. दोन सीडी, एकीचं नाव ‘लेफ्ट’, दुसरीचं ‘राइट’. शंभर मिनिटांहून जास्त संगीत. खरेदी करणारे आधी कुठे बघतात ते पाहा: कण्यावर ‘हेलो १४’ छापलंय का. बँडच्या जवळपास प्रत्येक अधिकृत प्रकाशनाला असा क्रमांक असतो, आणि चौदाच्या जागेवर चौदाच आहे ना याची खात्री केल्याशिवाय यांना चैन पडत नाही. असे हे लोक आहेत.

अल्बम पहिल्या क्रमांकावर येतो आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या दहातूनही बाहेर घसरतो. त्या आठवड्यात तुम्ही एका कॉलेजच्या होस्टेलमध्ये बसा. चौघांचं ऐकून झालंय. एकाला तो लांबलचक वाटतो. दुसरा म्हणतो, निम्मा गाळला असता तर एक जबरदस्त सीडी झाली असती. कोणती गाणी ठेवायची त्याची यादीही त्याने कागदावर केली आहे. तिसऱ्याला मारझोड हवी होती; रेडिओवर त्या वर्षी ‘कॉर्न’ आणि ‘लिंप बिझकिट’ वाजताहेत, आणि इथे ‘ला मेर’सारखा समुद्राचा पियानो. चौथी मुलगी काही बोलत नाही. ती ‘राइट’ पुन्हा लावते.

या घटकेला मी कुणाच्या बाजूने आहे ते लपवणार नाही. ‘द फ्रजाइल’ हे या माणसाचं सर्वांत मोठं काम आहे, आणि ते पहिल्या आठवड्यात कळण्यासारखं नव्हतंच. ज्या आजीने त्याला लहानाचं मोठं केलं ती क्लारा गेल्यानंतरचा हा अल्बम आहे. न्यू ऑर्लीन्सच्या ज्या स्टुडिओत तो घडला ती इमारतही एके काळी अंत्यविधीचं घर होती. ‘द डे द वर्ल्ड वेंट अवे’ या गाण्यात ड्रम्स नाहीत. इंडस्ट्रियल रॉकमधून ठेकाच काढून घेतलाय. ‘ला मेर’मधली सुरावट ‘इन्टू द व्हॉइड’मध्ये परत येते तेव्हा तिच्याखाली ठेका सरकवलेला असतो, आणि शोक करणारा माणूस अचानक नाचायला लागल्यासारखं वाटतं. हे ऐकू यायला वेळ लागतो. माणसं जायला लागतात, मग ऐकू येतं. होस्टेलमधल्या ज्या मुलाने गाणी गाळायची यादी केली होती, तो पुढे त्यातलंच प्रत्येक गाणं जपून ठेवेल. २०१६च्या शेवटी याच अल्बमची वाद्यसंगीताची आणि न निघालेल्या तुकड्यांची चार रेकॉर्ड्सची आवृत्ती जाहीर होईल तेव्हा तो पहिल्या झटक्यात नाव नोंदवेल. चाहत्याचं आजचं मत खोटं नसतं, फक्त त्याचं ऐकणं अजून संपलेलं नसतं.

२००५कडे जाताना वाटेत २००२ लागतं, तिथे क्षणभर थांबा. जॉनी कॅशने ‘हर्ट’ गायलंय. पुढच्या वर्षी मार्क रोमानेकचा व्हिडिओ येईल, थकलेल्या म्हाताऱ्या हातांचा, आणि ते बघितल्यावर रेझनरच म्हणेल की गाणं आता आपलं राहिलं नाही. जुने चाहते मात्र प्रत्येक लग्नसमारंभात, प्रत्येक बारमध्ये लोकांना सांगत बसतील की मूळ गाणं कॅशचं नव्हे. त्यांचा हा हट्ट मला समजतो.

मे २००५. ‘विथ टीथ’. रेझनर २००१पासून व्यसनमुक्त आहे. आवाज स्वच्छ, गाणी आखीव, काही गाण्यांवर ड्रम्सला डेव्ह ग्रोल. अल्बम पुन्हा पहिल्या क्रमांकावर. मलाही हा अल्बम जरा सांभाळून पावलं टाकणारा वाटतो. पण मैफलीबाहेर सिगारेट ओढत उभ्या असलेल्या दोघांच्या शेजारी जाऊन उभे राहा. एक जण सहज बोलून जातो, “तो दुःखात होता तेव्हा बरं लिहायचा.” दुसरा मान डोलावतो. यात वाईट हेतू नाही. ज्या गाण्यांनी त्यांना सोळाव्या वर्षी वाचवलं ती परत मिळावीत एवढीच इच्छा आहे. तरी त्या वाक्याचा अर्थ फार क्रूर आहे. आम्हाला चांगलं गाणं मिळावं म्हणून तू मरत राहा, असा. चाहत्यांच्या सगळ्या तक्रारींपैकी ही एकच मला ऐकवत नाही. बंद पडलेला माणूस दुरुस्त होऊन कामावर आलाय, आणि आधी त्याला चालायची सवय करू द्यायला हवी होती. दोनच वर्षांत तो काय करणार आहे याची त्या दोघांना कल्पना नाही.

फेब्रुवारी २००७, लिस्बन. मैफलीच्या टी-शर्टवर दौऱ्याच्या तारखा छापलेल्या आहेत आणि त्यातली काही अक्षरं जरा ठळक आहेत. ती जोडली की एक वाक्य होतं, त्यातून एक पत्ता मिळतो, आणि पत्त्यामागे १५ वर्षं पुढची, २०२२मधली अमेरिका: पाण्यात औषध मिसळून लोकांना शांत ठेवणारं सरकार, धर्माचा धाक, आकाशातून खाली येणारा एक अजस्र हात. तुम्ही प्रेक्षागृहाच्या स्वच्छतागृहात जा. तिथे एका पोराला नुकताच एक यूएसबी ड्राइव्ह सापडलाय. त्यात न निघालेल्या अल्बमचं एक अख्खं गाणं आहे. काही फायलींच्या शेवटी नुसती खरखर ऐकू येते. ती खरखर वर्णपटाच्या चित्रात मांडली की तिच्यात तो हात दिसतो!

‘इयर झिरो’ असा आला. एप्रिलमध्ये सीडी निघाली तेव्हा तिचा पृष्ठभाग काळा होता. प्लेअरमधून गरम होऊन बाहेर येताच तो पांढरा झालेला, आणि त्यावर शून्य आणि एकचे आकडे. लॉस एंजेलिसमध्ये काही चाहत्यांना बोलावून दारूगोळ्याच्या पेट्या दिल्या गेल्या, त्यांतल्या काहींत मोबाइल फोन. पुढे त्या फोनवर बोलावणं आलं, त्यांना एका गोदामात नेलं, बँड समोर उभा राहून वाजवू लागला, आणि थोड्याच गाण्यांनंतर बनावट पोलिसांची तुकडी घुसून सगळ्यांना पांगवून गेली. ही सगळी रचना ‘४२ एंटरटेन्मेंट’ या कंपनीच्या मदतीने उभी केलेली होती.

या काळात तक्रारी ऐकायला जाल तर फारशा मिळणार नाहीत. लोकांना वेळच नाही, सगळे कोडी सोडवताहेत. गाणी लॅपटॉपवर दौऱ्यात रचलेली, खडबडीत, मुद्दाम बिघडवलेली; एरवी यावरून युद्धं झाली असती. मग खेळ संपतो, धूळ बसते आणि कुणीतरी म्हणतंच: गोष्ट जोरदार होती, गाणी मात्र ‘स्पायरल’ची नव्हेत.

२००८. मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा करार संपलाय. मार्चमध्ये अचानक ‘घोस्ट्स’, ३६ तुकडे, शब्द एकाही तुकड्यात नाहीत. पहिले नऊ फुकट, सगळे पाच डॉलरला, आणि ३०० डॉलरच्या अडीच हजार विशेष प्रती दीडएक दिवसात संपल्या. मे महिन्यात ‘द स्लिप’ तर पूर्ण फुकट. तुमच्या शेजारच्या माणसाने पाच डॉलर भरलेत आणि आता तो वैतागलाय, “गाणी कुठे आहेत?” ३४व्या तुकड्यातला बँजो त्याच्या कानावरून तसाच निघून जातो. ११ वर्षांनी तोच बँजो ‘ओल्ड टाउन रोड’मध्ये ऐकत अख्खी अमेरिका १९ आठवडे नाचणार आहे. आणि शब्दांवाचून चित्रं रंगवायचा हा सराव रेझनर आणि त्याचा साथीदार ॲटिकस रॉस यांना ‘द सोशल नेटवर्क’च्या पार्श्वसंगीतापर्यंत, ऑस्करपर्यंत नेणार आहे. ‘घोस्ट्स’ भरताड आहे असं म्हणणारे मला २००८मध्ये बरेच दिसतात. २०११ नंतर ते सापडत नाहीत.

मे २०१८, लॉस एंजेलिस. सनसेट बुलेव्हार्डवरच्या हॉलिवूड पॅलेडियमबाहेर रांग लागली आहे आणि शेपूट दिसत नाही. काळा बाजार करणाऱ्यांना चाप बसावा म्हणून या दौऱ्याची तिकिटं आधी फक्त खिडकीवर, प्रत्यक्ष येणाऱ्यालाच मिळणार आहेत. त्यामुळे जे चाहते एरवी एकमेकांना कधी भेटले नसते ते तासन्‌तास खेटून उभे आहेत. घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, फिकट झालेले टी-शर्ट. टी-शर्टवरून कोण कोणत्या सालाचा ते सांगता येतं. तुम्ही आजवर ज्यांना ज्यांना भेटलात त्या सगळ्यांचे भाऊबंद इथे एका ओळीत सापडतील.

‘गॉड ब्रेक डाउन द डोअर’ हे नवं गाणं नुकतंच आलंय आणि रांगेत दुसरा विषय नाही. त्यात सॅक्सोफोन आहे! रेझनरने स्वतः वाजवलेला. शाळेच्या बँडमध्ये तो हेच वाद्य वाजवायचा. एक पन्नाशीचे गृहस्थ नाराज आहेत, त्यांना गिटार हवी. त्यांच्या मागच्या बाईंचं म्हणणं निराळं. त्यांना या गाण्यात बोवी ऐकू येतो, जाण्याआधी दोनच दिवस ‘ब्लॅकस्टार’ देऊन गेलेला बोवी. गळ्याची ती खोल, ताणलेली फेकही त्याचीच. त्या सांगतात की ९५च्या दौऱ्यात रेझनरचं झाल्यावर आपण उठून निघून आलो होतो. आज पैसे देऊनही ती अर्धी मैफल मिळत नाही. गृहस्थ ऐकून घेतात, मग म्हणतात, “तरी गिटार पाहिजे होती.”

त्यांच्यापुढे विशीतली एक मुलगी आहे. गेल्या वर्षी ‘ट्विन पीक्स’च्या आठव्या भागात तिने हा बँड पहिल्यांदा पाहिला आणि इथवर आली. तिला ‘परफेक्ट ड्रग’ स्टेजवर ऐकायचंय. आजूबाजूचे चारपाच जण एकदम हसतात, प्रेमाने. ते १९९७चं गाणं त्याने स्टेजवर कधीच वाजवलेलं नाही, त्याला स्वतःलाच ते आवडत नाही, सोडून दे. तुम्हाला ठाऊक आहे की चारच महिन्यांनी, सप्टेंबरात, कोलोराडोच्या रेड रॉक्सला ते पहिल्यांदा वाजणार आहे, पण तुम्ही गप्प बसता.

मुलगी विचारते, मग जुनं ऐकायला सुरुवात कुठून करू? गृहस्थ म्हणतात ‘ब्रोकन’. बाई म्हणतात ‘स्पायरल’, आणि क्रमानेच ऐक. मागून कुणीतरी ओरडतो, ‘प्रिटी हेट मशीन’, बाकी सगळं त्यातूनच निघालं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती तुमच्याकडे बघते. ‘द फ्रजाइल’, तुम्ही सांगता, आणि त्यातलीही दुसरी सीडी आधी लाव.

“दुसरी?” गृहस्थ खुर्चीवरून उठून उभेच राहतात. “अहो, निम्मा अल्बम गाळायला हवा होता!” बाई त्यांना थांबवून मुलीला ‘ला मेर’ गुणगुणून दाखवायला लागतात, मागचा माणूस सूर चुकला म्हणतो, आणि तेवढ्यात खिडकी उघडते.